काकूची गाय आणि शिकाऊ डॉक्टर

आज अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पशुवैद्यकीय कॉलेजची मुलं शिबिराला आली होती. काकूची गाय धड दिसत होती, दूधही पांढरंशुभ्र. एका मुलीने चार सडांचं दूध चार खणांच्या तबकडीत वेगवेगळं काढलं, तेवढंच औषध टाकून हलवलं. एका खणातलं दूध शेंबडासारखं घट्ट झालं! वरून दिसत नाही, पण कासेत दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, सुरू झालेली. काकू म्हणाली, "तुले कसं समजनं, माय?"

मग उलटंही झालं. गाय पान्हा चोरते, म्हणजे दूध सोडत नाही, तेव्हा काय करायचं, ते काकूने तिला दाखवलं. पोरगी वहीत लिहून घेत होती. मला फार बरं वाटलं.

साडेपाच वर्षांच्या या शिक्षणात शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. ते आमच्या गोठ्यांत जास्त जावं. २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या साथीच्या रोगाने आमची वासरी गेली, तेव्हा माश्या-गोचिडांनी तो पसरतो हेही आम्हाला उशिरा कळलं.

जाताना काकूने सगळ्यांना कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी अन् ठेचा बांधून दिला. पुढच्या महिन्यात तपासणीला परत येतो म्हणालेत. आम्ही वाट बघतोय.