रिकाम्या जागा भरा
सकाळपासून जीआरईच्या, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळवण्यासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या, सरावाला बसलोय. शाळेत 'रिकाम्या जागा भरा' म्हणजे हक्काचे मार्क! इथे एका प्रश्नात तीन जागा असल्या तर तिन्ही बरोबर हव्यात. दोन जमल्या तरी पदरात शून्य.

आज घात केला 'एनर्व्हेट'ने. एनर्जीचा भाऊबंद समजून बिनधास्त 'उत्साह आणणे' धरलं. निघालं भलतंच, अंगातलं त्राण काढून घेणे! वाक्याच्या तोंडाशीच 'ऑलदो' (म्हणजे 'जरी') बसला होता, पुढे अर्थ उलटणार याची खूणच ती; त्याच्याकडे बघितलं असतं तर वाचलो असतो. आता आधी 'ऑलदो', 'डिस्पाइट' असे अर्थ उलटवणारे शब्द हुडकतो, मगच पर्यायांकडे वळतो.

संध्याकाळी आई म्हणाली, "तोंड का उतरलंय रे?"
म्हटलं, "एनर्व्हेट झालोय."
"मग लिंबू सरबत घे की."