आज केडगावला जाऊन आले

आज पुण्याजवळच्या केडगावचं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेलं मुक्ती मिशन पाहिलं. मन भरून आलंय, म्हणून लिहितेय.

रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना, विधवांना सोबत घेऊन आल्या. ज्याने भूक भोगलीय त्यालाच हे सुचतं.

त्याहून मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. इंग्रज राज्यकर्ते त्यांच्याच ख्रिस्ती धर्माचे, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. येशूवर विश्वास होता म्हणूनच बसल्या नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणावर अन्याय झाला की आपण ‘प्रभूची इच्छा’ म्हणतो आणि प्रार्थना करून घरी जातो. प्रार्थना हवीच, मीही करते. पण बायबलच्या स्तोत्रांमधले भक्त तर देवालाच जाब विचारतात, ‘किती दिवस?’ म्हणून. मग माणसांना विचारायला आपण का कचरतो?

शेजारच्या ताईंचा पगार मालकाने अडवून ठेवलाय. सोमवारी त्यांच्यासोबत कामगार कार्यालयात जातेय. कुणाला यायचं असेल तर कळवा.