समासात राहून गेलेलं 'जोपर्यंत'

आजची चूक मनाला लागलीय म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते. दुभाष्याच्या कामातल्या कन्सेक्युटिव्ह प्रकाराची प्रॅक्टिस होती, म्हणजे बोलणारा तीन-चार मिनिटं सलग बोलणार, थांबणार आणि मग आपण ते सगळं दुसऱ्या भाषेत बोलून दाखवायचं. मैत्रिणीला समोर बसवलं, हेडफोन माझ्या कानात, तिने फक्त माझं मराठी ऐकायचं आणि शेवटी काय कळलं ते सांगायचं. भाषण पिण्याच्या पाण्याच्या योजनेवर होतं. मी भराभर लिहीत गेले, दोन पानं भरली, आकडे सगळे बरोबर, नावं बरोबर, बोलतानाही फारशी अडखळले नाही. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे समित्यांना पैसे मिळणार, हिशोब त्या ठेवणार, झालं की मग."

आणि बोलणारा नेमकं उलटं सांगत होता, की जोपर्यंत समित्या स्वतः हिशोब ठेवत नाहीत तोपर्यंत एक पैसा सुटणार नाही!

वही उघडून बघितलं तर निधी होता, समित्या होत्या, हिशोब होता, पण 'जोपर्यंत'ही नाही आणि 'नाही'पण नाही. शब्द सगळे होते, त्यांना बांधणारं काहीच नव्हतं. जाँ-फ्रान्स्वा रोझाँ या दुभाष्यांनी १९५६ मध्ये नोट्स घेण्याची जी सात तत्त्वं मांडली त्यात हेच आहे, शब्द लिहू नका कल्पना लिहा, दुवे लिहा, नकार ठळक दाखवा, आणि मजकूर आडवा न लिहिता पायऱ्यांसारखा खाली उतरवत न्या, म्हणजे कोणी, काय केलं, कशाचं हे नजरेला लगेच दिसतं. खुणासुद्धा त्यांनी जेमतेम वीसच दिल्यात. हे मी वाचलं होतं, पाठही होतं, पण कानात माणूस बोलायला लागला की हात आपोआप शब्दांमागे पळतो, आणि हात पळाला की कान बंद होतो हे आज पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं.

मग पेन बाजूला ठेवलं आणि त्याच विषयावरचं दुसरं रेकॉर्डिंग लावलं, दोनच मिनिटांचं, नुसतं ऐकलं. कोणाला काय हवंय, अडलंय कुठे, मग काय ठरलं, एवढंच डोक्यात धरलं. बोलताना दोन आकडे निसटले, पण मैत्रिणीने सगळा युक्तिवाद जसाच्या तसा परत सांगितला, मला खूप बरं वाटलं. आकडे, नावं आणि याद्या मात्र लगेच लिहायलाच हव्यात, त्या डोक्यात राहत नाहीत कारण त्यांना मागचापुढचा धागाच नसतो. त्यात आपली आकड्यांची रचना वेगळी, १.७ मिलियन म्हणजे १७ लाख, अडीच बिलियन म्हणजे अडीचशे कोटी, आणि मराठीतून इंग्रजीत जाताना कोणी 'सव्वा कोटी' म्हणालं की साडेबारा मिलियन हे क्षणात यायला हवं. यासाठी रोज दहा मिनिटं वेगळी काढायची असं ठरवलंय.

'परवा' हा तर वेगळाच पेच. मराठी बोलणारा "परवा आमच्या सगळ्या सदस्यांनी एकत्र बसून" म्हणतो तेव्हा ते बसून झालंय की बसायचंय हे शेवटचं क्रियापद येईपर्यंत कळत नाही, आणि इंग्रजीत तर तेच आधी सांगावं लागतं. सायमल्टेनियसवाल्यांचं, म्हणजे बोलणं चालू असतानाच सोबत भाषांतर करणाऱ्यांचं, इथे काय होत असेल देव जाणे, आपल्याला निदान वाक्य पूर्ण ऐकायला मिळतं.

अजून एक गोष्ट आहे. नियम असा की बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं, "ते असं म्हणतायत" वगैरे नाही, आणि स्वतःला काही विचारायचं असेल तर "दुभाष्याला विचारायचंय" असं सांगायचं. इंग्रजीत हे सोपं आहे, पण मराठीत पुरुष बोलत असेल तर मी "वीस वर्षं शिकवतोय" म्हणू की "शिकवतेय"? आज 'शिकवतोय' म्हटलं, जीभ पहिल्यांदा अडली, नंतर बसली. मला तेच योग्य वाटतं, कारण ऐकणारा बघत त्याच्याकडे असतो आणि अनुभव त्याचा असतो, माझा आवाज फक्त मध्ये आहे. 'वुई'चं अजून सुटलेलं नाही, 'आम्ही' की 'आपण' हे त्याच्या मनात काय आहे ते ओळखल्याशिवाय ठरतच नाही, आणि 'आपण' चुकून म्हटलं गेलं तर समोरच्यांना न विचारता त्याच्या बाजूला बसवल्यासारखं होतं.

उद्या सकाळी नवीन भाषण घेणार, मैत्रीण यायला तयार आहे. वर स्पायरल असलेल्या छोट्या वहीच्या वीस पानांवर आत्ताच डावीकडे समास आखून ठेवलाय, त्यात फक्त पण, म्हणून, कारण, जोपर्यंत एवढंच लिहायचं.