वाळवंटातला ‘हाडवेच्या’ : वाट पाहणारा प्राणी नियमांत बसवताना

माझ्या वाळवंटी मोहिमेसाठी मी जो मृतभक्षक प्राणी घडवतो आहे, त्याला ‘हाडवेच्या’ हे नाव दिले असून त्याचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा आणि गुणांचा तक्ता, आता टेबलावर वापरता येईल अशा अवस्थेत आला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या नियमांत, गिधाड आणि तरस दोन्ही आहेत. दोघांनाही पाच हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो आकडा), कळपाने हल्ला करण्याचा फायदा आणि शून्य चॅलेंज रेटिंग (प्राणी किती अवघड आहे त्याचे माप) दिलेले आहे. ते दिसले की खेळाडू लढाईतला क्रम ठरवणारे इनिशिएटिव्हचे फासे टाकतात, एकदोन फेऱ्यांत ते मरतात आणि प्रवास पुढे सुरू होतो. मेलेले खाऊन जगणाऱ्या जनावराला धडधाकट, शस्त्रधारी माणसांच्या अंगावर जाण्याचे काही कारण नसते, हे त्या आकड्यांत कुठेच उतरलेले नाही. मला हवा होता तो वाट पाहणारा प्राणी, ज्याच्याशी लढण्याची वेळ सहसा येत नाही, पण तो मागावर आहे हे कळताच खेळाडू आपल्या पखाली मोजू लागतात.

त्यासाठी सुरुवात पाण्याच्या हिशेबापासून केली, आणि हा हिशेब खेळ चालवणाऱ्या प्रत्येक डीएमने एकदा तरी कागदावर मांडावा असे मला वाटते. उष्ण हवेत प्रत्येक पात्राला दिवसाला दोन गॅलन, म्हणजे साधारण साडेसात लिटर पाणी लागते. नियमांतल्या एका पखालीत अर्धा गॅलन मावते आणि भरलेल्या पखालीचे वजन ५ पौंड धरले जाते. याचा अर्थ माणशी दिवसाला चार पखाली, २० पौंड. दहा दिवसांच्या वाटेला २०० पौंड. स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, १० असलेले पात्र जास्तीत जास्त १५० पौंड उचलू शकते, त्यामुळे उंटावाचून ही वाट चालताच येत नाही. उंट ४८० पौंड वाहतो, म्हणजे दोघांचे पाणी आणि थोडे सामान. असा एक उंट वाटेत कोसळला की दोघांचे पाणी वाळूत उभे राहते. त्यात तापमान १०० अंश फॅरनहाइटला पोहोचले आणि प्यायला पाणी नसले, तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे शरीर तग धरते का हे ठरवणारा फासा, टाकावा लागतो. पहिल्या तासाला ५ पुरतात, पुढे प्रत्येक तासाला त्यात एकाची भर पडते, आणि चुकले की थकव्याची एक पायरी चढते. सहावी पायरी म्हणजे मरण. हाडवेच्याचे सगळे आयुष्य या सहा पायऱ्यांवर चालते.

त्याच्या शरीराचे दोन मूळ नमुने आहेत. पट्टेरी तरसाकडून पुढचे उंच पाय, मागे उतरती पाठ आणि हाडे गुहेत वाहून नेण्याची सवय घेतली. दाढीवाल्या गिधाडाकडून आहार घेतला. त्या गिधाडाचे अन्न मुख्यतः हाडेच असतात आणि त्याचे जठराम्ल ती विरघळवण्याइतके तीव्र असते. वाळवंटात हे फार सोयीचे आहे, कारण मांस वाळून गेल्यावरही हाडाच्या आत स्निग्धांश टिकून राहतो, आणि स्निग्धांश पचताना शरीराला थोडे पाणीही मिळते. आणखी एक लकब मी अमेरिका खंडांतल्या गिधाडांकडून उचलली: उन्हात ती स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतात, तिच्यातले पाणी उडून जाताना पाय थंड होतात आणि युरिक आम्लाचा पांढरा थर मागे राहतो. हाडवेच्या चार पायांचा असला तरी त्याचे मागचे पाय असेच चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात, आणि तो जिथे बसून गेला त्या खडकावर या थराच्या पापुद्र्या पडलेल्या असतात. प्राणी दिसण्याआधी खेळाडूंना या पापुद्र्या दिसाव्यात, अशी माझी योजना आहे.

आकडे मुद्दाम माफक ठेवले आहेत. मध्यम आकार, आर्मर क्लास (त्याला इजा करणे किती कठीण तो आकडा) १३, ३९ हिट पॉइंट, चावा +४ आणि सरासरी ११ इजा. बचावाच्या बाजूने हे पाव रेटिंगचे ठरते आणि हल्ल्याच्या बाजूने एकचे, त्यामुळे सरासरीने अर्धे चॅलेंज रेटिंग आणि १०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. खरा भार त्याच्या दोन गुणांवर आहे. पहिला गुण असा की ३०० फुटांच्या आतील प्रत्येक सजीवाची थकव्याची पायरी त्याला वासावरून कळते आणि सर्वांत थकलेल्याच्याच मागावर तो राहतो. तिसऱ्या पायरीच्या आतल्या कोणावरही तो आपणहून हल्ला करत नाही. दुसरा गुण असा की पडलेले शरीर किंवा गाठोडे ओढून नेताना त्याचा वेग निम्मा होत नाही.

दुसऱ्या गुणावर मी बराच वेळ घालवला. बेशुद्ध पात्राला पाच फुटांच्या आतून केलेला, लागू पडलेला प्रत्येक हल्ला क्रिटिकल, म्हणजे वर्मी, धरला जातो आणि त्याने मृत्यूच्या दोन चुका नोंदल्या जातात; तीन झाल्या की पात्र मरते. म्हणजे दोन चाव्यांत नायक संपतो. हाडवेच्या त्याला न चावता ओढून नेत असेल, तर मात्र सहकाऱ्यांना पाठलाग करायचा, की पाणी आणि उंट सांभाळत थांबायचे, हा निवाडा करावा लागतो. वाळवंटाच्या खेळात असे निवाडेच मला हवे आहेत, म्हणून हाडवेच्या पडलेल्याला चावत नाही, ओढतो.

चाचणीच्या खेळात याचा परिणाम लगेच दिसला. क्लेरिकच्या, म्हणजे पुजारी-योद्धा असलेल्या पात्राच्या, थकव्याची दुसरी पायरी झाल्यावर मी एवढेच सांगितले की टेकडीवरच्या चार हाडवेच्यांपैकी सर्वांत मोठा उठला आणि क्लेरिकच्या बाजूला येऊन बसला. कोणी फासे उचलले नाहीत. सर्वांनी क्लेरिकच्या कॅरेक्टर शीटकडे, म्हणजे पात्राच्या नोंदपत्राकडे, पाहिले आणि त्याचे चिलखत दुसऱ्याच्या उंटावर चढवले. पुढे एक उंट मेला तेव्हा तो पुरण्यात बळ घालवावे की उघड्यावर सोडावा यावर वाद झाला आणि त्यांनी तो सोडून दिला. तिथून नियम पक्का केला: उंटाचे एक कलेवर कळपाला दुसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत गुंतवून ठेवते.

मोहिमेचा मोठा धागा मी आपल्याकडच्या गिधाडांवरून घेतला आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे १९९० च्या दशकापासून भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. ते औषध अंगात असलेले कलेवर खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेल्या जनावरांवर आजही गिधाडे आणि गरुड जमतात, आणि नकाशा काढताना थर वाळवंटाचा तो भाग माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझ्या जगात व्यापारी उंटांना वेदनाशामक अर्क पाजतात, उंट आणखी काही कोस चालतो आणि मरतो, आणि त्याला खाणारा हाडवेच्या मान टाकून बसून राहतो. काफिल्यांच्या वाटेवर न खाल्लेली कलेवरे साचू लागली, की विहिरी नासतात आणि भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते. व्यापाऱ्यांचा संघ मात्र हाडवेच्या कमी झाल्याबद्दल बक्षीस वाटतो आहे. खेळाडूंना हा दुवा कुणी सांगणार नाही; तो त्यांनी पापुद्र्या, विहिरी आणि अर्काच्या रिकाम्या बाटल्या यांवरून जोडायचा आहे.

सध्या गुहेचे काम सुरू आहे. तिथे हाडांसोबत हरवलेल्या काफिल्यांचे सामान ओढून आणलेले असते, म्हणून बारा बाजूंच्या फाशाचा तक्ता तयार करतो आहे: खोगीर, नाण्यांची थैली, तुटलेली ढाल, कोण्या जादूगाराची धातूची पेटी. प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिलेली आहेच, पण त्याआधी पौंडांत वजन लिहिले आहे, कारण ती उचलायची तर तेवढ्या पखाली तिथेच ठेवाव्या लागतील. आठ नोंदी पक्क्या झाल्या आहेत, चार अजून शोधायच्या आहेत.