मेनोनाइट कॉलेजात मध्यस्थी शिकताना

मेनोनाइट, ब्रदरेन आणि क्वेकर हे शस्त्र हाती न घेणारे ख्रिस्ती पंथ. अमेरिकेत शांतता-अभ्यास रुजला तो बराचसा त्यांच्याच कॉलेजांत. इंडियानातल्या ब्रदरेन पंथाच्या मँचेस्टर कॉलेजने १९४८ मध्येच हा विषय पदवीला आणला. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गला ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९४चा, मेनोनाइट शांतता-अभ्यासक जॉन पॉल लेडराक यांनी उभा केलेला. नोबेल मिळालेल्या लायबेरियाच्या लेमा बोवी तिथल्याच विद्यार्थिनी. प्रवेशाला ख्रिस्ती असण्याची अट नाही.

मध्यस्थी शिकायची ती रोल-प्लेमधून, म्हणजे भूमिका वठवून. दोघं भांडणारे, दोघं मध्यस्थ, बाकीचे टिपणं घेतात. आधी नियम सांगायचे, मग एकेकाला न तोडता बोलू द्यायचं, आणि प्रत्येकाचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं. नवशिके अडकतात ते इथेच. ‘बांध दोन फूट सरकवलाय’ असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं लगेच मोजणीकडे धावतं. पण तो माणूस ‘मला न विचारता’ हेही म्हणालेला असतो, आणि ते निसटलं की तोडगा कितीही चोख असो, टिकत नाही. आपल्याकडे २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली, तीत बक्षिसं होती. मिटलेले तंटे मोजायचे म्हटले की पूर्ण न ऐकताच तोडगा काढायची घाई होणारच.

गुन्ह्याच्या प्रकरणात रीत वेगळी. तिचं मूळ कॅनडात: १९७४ मध्ये ओंटारिओतल्या एल्मायरा गावी दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली आणि मार्क यांत्झी या मेनोनाइट प्रोबेशन अधिकाऱ्याने (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा) त्यांना त्या लोकांच्या दारी नेलं. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ हॉवर्ड झेर यांनी पुढे याचीच मांडणी केली. कलम कोणतं, यापेक्षा इजा कोणाला झाली, त्याला काय हवंय आणि ते भरून देणं कोणाचं काम, हे प्रश्न आधी. दोघांना समोरासमोर बसवण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतंत्र भेटावंच लागतं. गुन्हेगार नाकबूल असेल किंवा पीडिताला यायचं नसेल, तर बैठक घ्यायची नाही. बळजबरीने आणलेला पीडित दुसऱ्यांदा दुखावतो.

बैठकीअंती होणाऱ्या करारात ‘यापुढे नीट वागेन’ असलं वाक्य चालत नाही. कोण, किती पैसे, कोणत्या तारखेला, आणि हप्ता चुकला तर कोणाला कळवायचं, एवढं लिहिल्यावरच सह्या.