आजीची पापणी

अहिराणी बोलणाऱ्या थ्रीडी आजीचा चेहरा आज जळगावात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हलता झाला. सगळ्यात छळतं ते डोळे मिटणं! शेप की, म्हणजे चेहऱ्याचा साठवलेला बदललेला आकार, ० (मूळ चेहरा) वरून १ (पूर्ण बदल) वर जाताना चेहऱ्याचा प्रत्येक बिंदू सरळ रेषेत सरकतो, डोळ्याचा गोळा मात्र गोल. म्हणून अर्ध्यावर पापणी डोळ्यात घुसते. त्यासाठी पापणी पुढे फुगवणारी वेगळी की ड्रायव्हरने (एका किमतीवरून दुसरी आपोआप ठरवणाऱ्या सोयीने) जोडायची: डोळे मिटण्याची की ०.५ ला असताना पूर्ण, दोन्ही टोकांना शून्य.

हसू त्यामानाने सोपं. ओठांच्या कोपऱ्यांबरोबर गालही उचला, नाहीतर आजी सत्कार समारंभातल्यासारखी हसते.

मिरर मॉडिफायर (अर्धा चेहरा आरशासारखा दुसऱ्या बाजूला उमटवणारं साधन) शेप कीज बनवण्याआधीच अप्लाय, म्हणजे कायम करा, नंतर ब्लेंडर सरळ नकार देतं. आणि 'माय' मधल्या 'म'ला ओठ दोन फ्रेम तरी पूर्ण मिटलेले हवेत.