तुम्ही विचारलंत म्हणून: तात्पर्य का सांगत नाही?

दर शनिवारी वाचनालयात मी मुलांना इसापच्या गोष्टी सांगते. गोष्ट संपली की न्यायला आलेल्या पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, तात्पर्य राहिलं ना?"

राहिलेलं नसतं. सांगत नाही.

आपण सगळेच जाड ठशातल्या 'तात्पर्य :' वर वाढलो, परीक्षेत गुणही त्यालाच मिळाले. पण इसापच्या पुढ्यात मुलं कुठे होती? प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्याचा उल्लेख करतो तो सामोस बेटावरच्या इआडमोनचा गुलाम म्हणून. त्याच्या हातची एक ओळही उरलेली नाही; गोष्टी तोंडोतोंडी फिरल्या, नंतर लोकांनी जमवल्या. इ.स.पू. 300च्या आसपास फालेरमच्या डिमेट्रिअस या ग्रीक विद्वानानं असा एक संग्रह केला होता. आपण पाठ केलेली ती शेवटची ओळ पुष्कळदा अशा जमवणाऱ्यांनी मागाहून जोडलेली.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलनं वक्तृत्वावर लिहिताना एक गोष्ट दिली आहे, ती मोठ्या मुलांना सांगते. नदी ओलांडताना कोल्हा घळीत अडकतो. अंगभर गोचिडी. हेजहॉगला, म्हणजे अंगावर काटे असलेल्या एका छोट्या प्राण्याला, दया येते. म्हणतो, काढू का? कोल्हा म्हणतो, नको. या पिऊन टम्म झाल्यात, आता फारसं रक्त ओढत नाहीत. या काढल्यास तर भुकेल्या येतील आणि उरलंसुरलंही पितील.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, इसापनं ही गोष्ट सामोसच्या लोकांपुढे सांगितली. एका पुढाऱ्यावर खटला चालला होता आणि शिक्षा होती मृत्यूची. इसाप त्याच्या बाजूनं उभा होता: हा माणूस आता श्रीमंत झालाय, तुमचं आणखी नुकसान करणार नाही, याला माराल तर दुसरे येतील, ते गरीब असतील.

म्हणजे इथे इसापनं अर्थ स्वतःच सांगून टाकला, हे कबूल. पण तो त्या खटल्यापुरता, आपल्या माणसाचा जीव वाचवायला. आणि अर्थ तरी कसला! शाळेच्या फळ्यावर लिहून बघा. आमच्याकडे एक मुलगी गोष्ट संपल्याबरोबर म्हणाली, "पण नव्या येतीलच, हे कोल्ह्याला कुणी सांगितलं?" त्यावर अर्धा तास भांडण झालं. मी आधीच तात्पर्य सांगितलं असतं तर ती बिचारी मान डोलावून घरी गेली असती.

आख्यायिका अशी की डेल्फी या ग्रीक देवस्थानाच्या लोकांनी इसापवर देवळातलं भांडं चोरल्याचा आळ घेतला. मरणाच्या दारात त्यानं शेणकिड्याची गोष्ट सांगितली: गरुडानं शेणकिड्याच्या आसऱ्याला आलेला ससा खाल्ला, म्हणून तो गरुडाची अंडी फोडत सुटतो. शेवटी गरुड अंडी झ्यूसच्या मांडीवर ठेवतो, तर हा तिथे शेणाची गोळी टाकतो. देव झटकायला उठतो आणि अंडी खाली.

डेल्फीकरांनी ऐकून घेतलं आणि त्याला कड्यावरून ढकललं. हा शेवट मी लहान गटाला सांगत नाही. ती अजून शेणाच्या गोळीलाच हसत असतात.